परिशिष्ट तीन

माझ्या नातीला मला नोकरीवरून काढल्याबद्दल दहापैकी साडेनऊ गुण मिळाले. काढला गेलेला माणूस मीच, हे तिला माहीत नव्हतं.

ती माझ्या मुलीची मुलगी. आमच्याकडे राहून व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी करते. पहिल्या वर्षाला तिला 'व्यवस्थापन आणि नेतृत्व' असा विषय होता आणि तो शिकवणाऱ्या सरांवर तिची फार भक्ती. एका संध्याकाळी ती उत्तरपत्रिका नाचवतच घरात शिरली आणि आम्हा दोघांना समोर बसवून वाचू लागली. सरांनी स्वतः लिहिलेली एक केस होती, 'वेग' नावाची. केस म्हणजे काय, तेही तिने आम्हाला समजावलं. एखाद्या कंपनीत खरोखर घडलेली गोष्ट वाचायची आणि त्यातल्या साहेबाचं बरोबर होतं की चूक ते लिहायचं.

गोष्ट घडीच्या शिड्या बनवणाऱ्या एका कारखान्याची होती. तिथे एक तरुण व्यवस्थापक येतो. माल कधीच वेळेवर बाहेर पडत नसतो. शोध घेतल्यावर कळतं, की तपासणीच्या टेबलावर निवृत्तीला आलेला एक माणूस बसलाय. त्याला सगळे 'कासव' म्हणतात. तो एकेक शिडी चाचपत बसतो, नव्या कशालाही विरोध करतो, कागदावर सही करत नाही. व्यवस्थापक एका सकाळी त्याला काढून टाकतो आणि त्या वर्षी कारखान्याची रवानगी तीस टक्क्यांनी वाढते.

"मी लिहिलं की निर्णय योग्य होता, पण उशिरा झाला," नात म्हणाली. "असल्या माणसाला पाच वर्षं आधीच नारळ द्यायला हवा होता. सरांनी बाजूला 'अप्रतिम' लिहिलंय, बघा आजोबा!"

मी बघितलं. अक्षर ओळखीचं होतं.

"आणि दर वर्षी सर स्वतः कासव करून दाखवतात. हसून हसून पोट दुखतं." तिने आजीचा चष्मा घेऊन नाकाच्या शेंड्यावर ठेवला, मान तिरपी केली, बोट जिभेला लावून हवेतलं पान उलटलं. "नाही... साहेब... सही... नाही."

माझी बायको खळखळून हसली. मग सहज तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या मांडीवर वाचनालयाचं पुस्तक होतं, आणि पान उलटायला मी नुकतंच बोट जिभेला लावलं होतं. तिचं हसू अर्ध्यावर राहिलं.

नात कपडे बदलायला गेली तशी ती म्हणाली, "अहो, हे तर तुम्ही."

"हळू बोल."

"निवृत्तीला आलेला म्हणे! चव्वेचाळीसचे होता तुम्ही!"

"हळू बोल म्हटलं ना."

"तेवीस वर्षं हळूच बोलतेय मी," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिने भांडी जरा जास्तच जोरात ठेवली.

जे झालं होतं ते असं. शिडी उघडली की ती उघडी धरून ठेवायला बिजागरीजवळ एक खटका असतो. तो सुटला तर शिडी मिटते, आणि वरचा माणूस खाली येतो. त्या वर्षी खटके नव्या ठिकाणाहून आले. मी पहिल्या साठ शिड्या तपासल्या. माझी पद्धत साधी होती. स्वतः चौथ्या पायरीवर चढायचं आणि दोनदा हलकी उडी मारायची. साठांपैकी नऊ खटके सुटले. दोनदा मी पडलोही, पण चार पायऱ्यांवरून पडण्याला कोणी पडणं म्हणत नाही. त्या खेपेत एक हजार आठशे चाळीस शिड्या होत्या. सगळ्या तपासायला अकरा दिवस लागले असते आणि ट्रक दुसऱ्या दिवशीचा होता. मी सही केली नाही.

छोटे साहेब, म्हणजे नातीचे आताचे सर, तेव्हा आम्ही त्यांना छोटे साहेबच म्हणत असू, त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं नाही. शिड्या जोडायच्या, बांधणीच्या हॉलमध्ये, चाळीस-पन्नास माणसांसमोर ते म्हणाले, "ज्यांना चालता येत नाही त्यांनी वाटेत बसू नये. उठा." माझी पिशवी त्यांनी आधीच दारवानाकडे देऊन ठेवली होती. मी ती घेऊन निघालो. मला बोलायला वेळ लागतो. माझी उत्तरं साधारण तीन दिवसांनी तयार होतात. त्यानंतर दोन आठवडे मी घरून रोज डबा घेऊन निघायचो आणि वाचनालयात बसायचो. बायकोला कळलं ते डब्यामुळेच. डबा रोज चाटूनपुसून रिकामा येऊ लागला, आणि कारखान्यात मी कधीच पूर्ण जेवत नसे.

पुढे छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम मिळालं आणि त्यातच निवृत्त झालो. ते काम माझ्या स्वभावाला मानवलं. कागद पडत नाहीत.

नात झोपल्यावर मी तिची केस मागून घेतली. सरांच्या छापील पुस्तिकेत ती चौदा पानांची होती. मुद्रितं तपासणाऱ्याला एक वाईट खोड असते. जे कोणी वाचत नाही ते तो आधी वाचतो. तळटिपा, तक्ते, परिशिष्टं. शेवटच्या पानावर 'परिशिष्ट तीन' होतं, त्या वर्षी कोणत्या महिन्यात कोणत्या क्रमांकाच्या शिड्या बाहेर पडल्या त्याचा तक्ता. आमच्याकडे प्रत्येक शिडीच्या पायावर क्रमांक ठोकलेला असे. चौथ्या महिन्याच्या ओळीत लिहिलं होतं: ४०००१ ते ४१८४०. मी बोट खाली नेत गेलो. सातव्या महिन्यासमोरही तेच होतं, ४०००१ ते ४१८४०.

मी दिवा जवळ ओढला आणि पुन्हा वाचलं. मग हसू आलं, बऱ्याच वर्षांनी.

सरांनी केस खरी वाटावी म्हणून कारखान्याचा जुना तक्ता जसाच्या तसा चिकटवला होता. बेरीज बघितली होती, ओळी वाचल्या नव्हत्या. त्यांची तीस टक्के वाढ म्हणजे त्याच शिड्या दोनदा बाहेर गेल्या होत्या. एकदा त्या सुटणाऱ्या खटक्यांसकट गेल्या, परत आल्या, आणि खटके बदलून पुन्हा गेल्या. परत का आल्या, तेही मला ठाऊक होतं. कारखान्यातला एक बांधणीवाला मला रस्त्यात भेटला होता. एक रंगारी शाळेची भिंत रंगवताना वरून पडला, कंबर मोडली, मग सगळा माल परत मागवला, असं त्याने सांगितलं. ते ऐकून मला काय वाटलं, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मला आनंद झाला. घरी जाताना मी शीळ घातली.

अशी शीळ घालणाऱ्या माणसाला सूड घ्यायचा हक्क आहे की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. विचार संपायच्या आत प्रवेशाची मुदत संपत आली, म्हणून अर्ज भरून टाकला. नातीच्या महाविद्यालयात साठीच्या पुढच्यांसाठी पाच जागा असत आणि बहुतेक रिकाम्याच राहत. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "नातवाचा फॉर्म का, काका?" मी माझाच म्हणालो. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी पोहायच्या तलावात कोट घालून उतरतोय.

"आजोबा, तुमची हौस मला मान्य आहे," नात म्हणाली. ती आता दुसऱ्या वर्षाला गेली होती. "पण कॉलेजात मला हाका मारू नका हं. नाही म्हणजे, मारा, पण लांबून नको."

"तुझे आजोबा जवळूनही कोणाला हाक मारत नाहीत," बायको म्हणाली. तिला सगळं माहीत होतं. निघताना तिने दारात मला फक्त एवढंच सांगितलं, "जाताय तर आता सोडू नका."

पहिला दिवस. पायऱ्यापायऱ्यांचा वर्ग, दोनशे मुलं, आणि खाली मध्यभागी तो माणूस. चोपन्न वर्षांचा. केस पांढरे झाले होते, पण त्याला शोभत होते. ते मला ओळखतील या भीतीने मी दाढी वाढवली होती. ती उगाचच वाढवली. हजेरी क्रमांकाने होत असे. माझा क्रमांक एकसष्ट होता. एकदा ते माझ्याजवळून जाताना थांबले, खांद्यावर हात ठेवला आणि वर्गाला म्हणाले, "हे बघा! शिकायची जिद्द असावी तर अशी. टाळ्या वाजवा ह्यांच्यासाठी." त्यांनी तेव्हाही माझा चेहरा पाहिला नव्हता, आणि कारखान्यातही नव्हता.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. ते चांगलं शिकवत. नेतृत्व म्हणजे ऐकणं, असं ते एकदा म्हणाले आणि इतक्या मनापासून म्हणाले, की मी वहीत लिहून घेतलं. रात्री ते पान मी फाडलं.

नवव्या आठवड्यात 'वेग' आली. या केसवर ते लेखी काम देण्याआधी नाटक करून घेत. एका गटातला एक जण व्यवस्थापक होई, सर कासव होत, आणि बारा मिनिटं तो प्रसंग उभा करायचा. त्यांचा त्यात एक नियम होता, आणि त्या नियमाचा त्यांना भारी अभिमान. घंटी वाजेपर्यंत भूमिका सोडायची नाही. "जो मधेच 'मी' होईल, त्याच्या गटाचे निम्मे गुण गेले," ते म्हणत. "आणि हा नियम मलाही आहे. मी सोडली तर सगळ्या वर्गाला पूर्ण गुण." बारा वर्षांत त्यांनी एकदाही सोडली नव्हती.

"व्यवस्थापक कोण होणार?" त्यांनी विचारलं.

मी हात वर केला. माझ्या गटात सदैव टोपी घालून बसणारा एक मुलगा होता, तो माझ्या कानाशी म्हणाला, "आजोबा, नक्की ना? तुम्ही तर जेवणाच्या सुट्टीत चहावाल्याला साखर मागायलाही लाजता."

"नक्की," मी म्हणालो. आवाज चिरकला, पण निघाला.

त्या दिवशी वर्गात उभं राहायला जागा नव्हती. वरच्या वर्गांची मुलं खास कासव बघायला येत. शेवटच्या पायरीवर मला माझी नात तिच्या मैत्रिणींबरोबर दिसली. टेबल, दोन खुर्च्या. घंटी समोरच्या बाकावरच्या एका मुलीकडे दिलेली. वेळ पाळण्यात ती मोठी कडक होती, तिला सगळे 'घंटीवाली'च म्हणत. सर आले ते चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून, पाय ओढत. खुर्चीत बसायलाच त्यांनी अर्धं मिनिट लावलं. हशा उसळला. मी समोर उभा होतो. तेवीस वर्षांपूर्वी मी कसा दिसत होतो, ते मला पहिल्यांदाच बघायला मिळत होतं.

"सही का केली नाहीत?" मी विचारलं.

"अं... साहेब..." त्यांनी बोट जिभेला लावलं. हशा. "तपासणी... बाकी आहे... साहेब."

"किती तपासल्या?"

"मोजतोय... साहेब... एक... दोन..."

वर्ग लोळायला लागला. मी हातातली पुस्तिका टेबलावर ठेवली.

"साठ," मी म्हणालो. "साठ तपासल्यात. त्यातल्या किती सुटल्या?"

हे केसमध्ये नव्हतं. पण मुरलेला माणूस; लगेच सावरले. "ते... वहीत... बघावं लागेल, साहेब."

"बघू नका. नऊ."

"असतील... साहेब. मग आता काढता ना मला?" ते वर्गाकडे बघून डोळा मारत म्हणाले.

"एवढी घाई कसली? तुम्ही तर कासव."

या वेळी हशा त्यांच्यावर होता. त्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी घंटीवालीकडे पाहिलं. तिने घड्याळाकडे बोट दाखवलं. चार मिनिटंच झाली होती.

"सगळ्यांनी पुस्तिका उघडा," मी म्हणालो. मी कोणाला असं काही सांगू शकतो, हे मला माहीत नव्हतं. पानांची फडफड झाली. "शेवटचं पान. परिशिष्ट तीन. चौथ्या महिन्याची ओळ तुम्ही वाचा."

"साहेब, चष्मा..."

"चष्मा नाकावरच आहे. जरा वर घ्या."

त्यांनी चष्मा वर घेतला आणि वाचलं. "चाळीस हजार एक ते एक्केचाळीस हजार आठशे चाळीस."

"सातव्या महिन्याची."

त्यांनी ओळ शोधली. बोट तिथे पोचलं आणि थांबलं. आता हा संथपणा नाटकातला नव्हता.

टोपीवाला जागेवरूनच ओरडला, "अरे, नंबर तेच आहेत!" मग गडबडून, "म्हणजे, साहेब, नंबर तेच आहेत."

"एकदा गेलेली शिडी पुन्हा कशी गेली?" मी विचारलं.

सरांनी चष्मा काढला. मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. दाढीकडे पाहिलं, कपाळाकडे पाहिलं, मग डोळ्यांकडे. त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं मला दिसलं. खोटं कशाला बोलू, मी ते डोळे भरून पाहिलं.

"तुम्ही..." ते म्हणाले. "तुम्ही तेच..."

"सर, भूमिका!" घंटीवाली म्हणाली.

कोणीतरी फिसकन हसलं. आणखी कोणी हसलं नाही. दोनशे मुलं, वरच्या वर्गांची मुलं, सगळी त्यांच्याकडे बघत होती. त्या क्षणी त्यांना उठता आलं असतं. 'मी सोडली भूमिका, सगळ्यांना पूर्ण गुण' एवढं म्हटलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या आणि प्रसंग निभावला असता. मी असतो तर तेच केलं असतं. पण बारा वर्षांचा अभिमान होता, आणि बहुधा त्यांना वाटलं, की भूमिकेच्या आत राहणंच जास्त सुरक्षित. आत जे बोललं जाईल ते कासवाचं, त्यांचं नाही. तिथेच ते चुकले.

"शिड्या परत आल्या होत्या, साहेब," ते म्हणाले.

"का?"

"खटका सुटत होता."

"हे कोणाला माहीत होतं?"

"मला. तपासणीवाल्याला."

"त्याने कोणाला सांगितलं?"

त्यांनी पुन्हा घंटीकडे पाहिलं. ती मुलगी घड्याळावर डोळे लावून बसली होती.

"तुम्हाला, साहेब," ते म्हणाले.

"मग मी काय केलं?"

"तुम्ही मला काढलंत. आणि माझ्या जागी स्वतः सही केलीत."

"न तपासता?"

"न तपासता, साहेब."

वर्ग इतका शांत होता, की बाहेर व्हरांड्यात कोणीतरी फोनवर 'अगं, हो ना' म्हणत होतं ते ऐकू आलं. मला त्यानंतरचं वाक्य पाठ होतं. तेवीस वर्षं पाठ होतं. भांडी घासताना, मुद्रितं तपासताना, झोपेत. कोणाला म्हणायचं ते ठरत नव्हतं एवढंच.

"ज्यांना चालता येत नाही त्यांनी वाटेत बसू नये," मी म्हणालो. "उठा."

ते उठले. खरोखरच उठले. टेबलाला धरून, खुर्ची मागे सरकवून. घंटी वाजली.

टाळ्या एक-दोनच पडल्या. मुलांना कळत नव्हतं टाळ्या वाजवायच्या का ते. मी वर पाहिलं तर नात जागेवर नव्हती.

तासानंतर त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं.

"तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो," ते हळू आवाजात म्हणाले. "वरून रोज फोन येत होते. माल कुठे, माल कुठे. तुम्हाला कल्पना नाही."

"मी चव्वेचाळीसचा होतो. तुम्ही मला निवृत्तीला आलेला लिहिलंत."

"काय पाहिजे तुम्हाला? पुस्तिकेतून केस काढून टाकतो. आजच्या आज."

माझं उत्तर या वेळी तीन दिवस आधीच तयार होतं. "काढायची नाही. पुढचं पान जोडायचं. शिड्या परत आल्या ते. आणि ते दर वर्षी तुम्ही वर्गात वाचायचं."

"कोण लिहिणार?"

मी पिशवीतून दोन कागद काढून दिले. मुद्रितशोधकाचे कागद, एकही चूक नव्हती. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचले.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मुलं विचारतील. दोनशे आहेत."

शिपाई 'सर, चावी' म्हणत आला तेव्हा त्यांनी कागदांची घडी करून खिशात घातली आणि त्याच्याबरोबर गेले.

संध्याकाळी घरी आलो तर नात माझ्या खुर्चीत बसली होती, मांडीवर तिची जुनी उत्तरपत्रिका. डोळे सुजलेले.

"तुम्ही मला आधी सांगायचं ना, आजोबा."

"सांगितलं असतं तर तू तसं लिहिलं नसतंस."

"तेच म्हणतेय मी!"

"पण तू लिहिलंस ते त्या केसप्रमाणे बरोबरच होतं," मी म्हणालो. "तुला निम्मीच गोष्ट दिली होती."

"तुम्ही मला धीर देताय की टोमणा मारताय, तेच कळत नाही," ती म्हणाली आणि रडता रडता हसली. आजीने तिच्या हातून उत्तरपत्रिका काढून घेतली. घडी करून कपाटाच्या वर टाकली.

पुढच्या आठवड्यात सरांनी पुढचं पान वाचलं. मी पहिल्या बाकावर बसलो होतो, हातात पेन्सिल घेऊन. 'पडून जखमी झाला' असं त्यांनी वाचलं तेव्हा मी हात वर केला. "सर, 'कंबर मोडली' असं आहे." त्यांनी पुन्हा वाचलं. "कंबर मोडली." मला ते ऐकून बरं वाटलं. फार बरं वाटलं.

मग घंटीवालीने विचारलं, "सर, त्या रंगाऱ्याचं पुढे काय झालं?"

"माहीत नाही," सर म्हणाले. "कंपनीने कधी विचारलं नाही." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळा वर्ग माझ्याकडे वळला.

मलाही माहीत नव्हतं. त्याचं नाव, तो चालू लागला की नाही, काहीच नाही. मी त्या बांधणीवाल्याला तेवढंही विचारलं नव्हतं. मी घरी गेलो होतो, शीळ घालत.

"मलाही माहीत नाही," मी म्हणालो.

सरांनी तिथल्या तिथे ठरवलं, की लेखी कामाचा प्रश्न बदलायचा. नवा प्रश्न असा: रंगाऱ्याचं पुढे काय झालं हे शोधणं कोणाचं काम होतं? उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर त्यांनी त्या वर्गात फिरवल्या. बहुतेकांनी व्यवस्थापक लिहिलं होतं. अकरा जणांनी कासवाचंही नाव घातलं होतं. "सही केली नाही हे बरोबर," टोपीवाल्याने लिहिलं होतं, "पण गप्प बसून घरी गेला हे चूक. एक फोन करायचा होता, आधी दुकानांना, आणि नंतर त्या शाळेला." मी ते तीनदा वाचलं. एक शब्दही बदलण्यासारखा नव्हता. शिळेबद्दल त्याला माहीत नव्हतं, नाहीतर त्याने तेही लिहिलं असतं.

असं वाटतं, की एवढ्यावर माणसाने शहाणं व्हावं. मी प्रयत्न केला. चार-पाच दिवस मी सरांबद्दल चांगला विचार करून पाहिला. त्यांनी प्रश्न स्वतः बदलला, तो त्यांना टाळता आला असता. पण 'उठा' म्हटल्यावर ते टेबलाला धरून उठले, ते पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येई, आणि प्रत्येक वेळी तेवढंच गोड लागे.

सत्र संपत आलं. पुढच्या सत्राचे विषय नात माझ्यासाठी फोनवर भरत होती. "आजोबा, एक विषय आपल्या आवडीचा घ्यायचा असतो. 'जाहिरातीची ओळख' घ्या. सोपा आहे, सगळे घेतात."

"दुसरा कोणता आहे?"

"दुसरा नको. 'संघटनेतील माणसं.' अवघड आहे, आठवड्याला दोन तास, आणि..." तिने फोनवरून मान वर केली. "तो सरच शिकवतात."

"तोच घे."

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "अहो, अजून पोट भरलं नाही का तुमचं?"

"नाही," मी म्हणालो.